थोरल्या घरचा आय-सेव्हन

घरात नवा लॅपटॉप आला त्या संध्याकाळी मी फक्त एक स्टिकर हलवलं. जुन्या लॅपटॉपच्या कोपऱ्यावरचं ‘आय-सेव्हन’ प्रोसेसरचं निळं स्टिकर नखानं हळूच सोडवलं आणि नव्यावरच्या ‘आय-थ्री’च्या डोक्यावर चिकटवून दिलं. यात कुणाचं काय बिघडायचं होतं? पण त्या अंगठ्याएवढ्या कागदापायी आमच्या घरातली वीज गेली, अर्धा डझन बांगडे वाया गेले, बायकोचं वर्षभराचं स्वप्न पाण्यात जाता जाता राहिलं आणि मला मुरुडच्या किनाऱ्यावर चारचौघांत रडावं लागलं. (कांद्यामुळे. पण ते पुढे येईलच.)

माझं नाव विनीत. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे आणि तिथला कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणूनही माझी ख्याती आहे. प्रिंटर अडला की मला बोलावतात. मी येतो, कपाळाला आठ्या घालतो, सगळ्यांना दोन पावलं मागे सरायला सांगतो आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करतो. ही विद्या मी अजून कुणाला शिकवलेली नाही.

या ख्यातीचा पाया म्हणजे माझा लॅपटॉप. मी घेतला तेव्हा आमच्या आळीत आय-सेव्हन एकट्या माझ्याकडे होता आणि लोक चहाच्या निमित्तानं तो बघून जायचे. आता त्याचं वय झालंय, नाही असं नाही. चालू केला की दूध तापवून, गाळून, चहा करून प्यावा, मग तो पासवर्ड विचारतो. पंखा असा सुटतो की शेजारी खिडकी लावून घेतात. बॅटरी तर केव्हाच गेली, प्लग निघाला की त्याचाही प्राण निघतो. पण सात तो सातच, यावर माझी श्रद्धा होती.

माझ्या बायकोची, म्हणजे योगिनीची, ती नव्हती. ती मासळीच्या पाककृतींचे व्हिडिओ करते. (कुठले कुठले लोक तिचं बोलणं कान देऊन ऐकतात. माझं घरातही कोणी ऐकत नाही.) दापोलीजवळच्या मुरुडला दरवर्षी एक खाद्यमहोत्सव भरतो आणि तिथं स्टॉल लावायचा हे तिचं स्वप्न. निवड व्हिडिओवरून व्हायची. गेल्या वर्षी तिनं जीव ओतून व्हिडिओ केला, तर माझ्या आय-सेव्हननं तो तयार करता करता डोळे मिटले आणि मुदत उलटून गेल्यावर उघडले. तेव्हा ती मला एका शब्दानं बोलली नाही. पुढचे कित्येक दिवस तिनं नुसतं वरण-भात केलं. मासे खाणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो ते मी वेगळं सांगायला नको.

या वर्षी मात्र तिनं स्वतःच्या कमाईतून नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि आम्ही दुकानात गेलो. बरोबर माझे सासरे आप्पा होते. नेवऱ्याला त्यांची हापूसची कलमं आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे मुक्कामाला आले होते आणि डोळ्यांवर तो भला मोठा काळा चष्मा होता. दुकानातल्या रितेशला तुलना करता यावी म्हणून मी माझा लॅपटॉपही पिशवीत घालून नेला होता.

“काकी, हा घ्या,” रितेश म्हणाला. “आय-थ्री आहे. तुमच्या कामाला भरपूर झाला.”

मी हसलो. “अरे, आमच्याकडे आय-सेव्हन आहे. सातावरून तिनावर यायला आम्ही काय नापास झालोय?”

“तुमचा कितव्या जनरेशनचा आहे, काका?” त्यानं माझा लॅपटॉप चालू करून आतला नंबर बघितला. (मधल्या वेळात त्यानं दुसरं एक गिऱ्हाईक उरकलं.) “हा तिसऱ्या पिढीचा. आणि नवा आहे बाराव्या पिढीचा.”

मग तर प्रश्नच मिटला! आता जरा माझी बाजू समजून घ्या. राजापूर तालुक्यात आमचं गाव आहे. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हा पहिला खांदा आमच्या घराचा, कारण आम्ही थोरले. धाकट्या घरांतले धट्टेकट्टे गडी पालखी अशी नाचवतात की बघत राहावं, पण आधी मान आमचा. मी खांदा देतो, चार पावलांत मला धाप लागते, आणि पालखी एका बाजूला कलायला लागली की धाकट्या घरचं कोणीतरी हळूच खांदा घालतं. पण मान आमचा! मूळपुरुषाच्या जितकं जवळ तितका माणूस मोठा. तेव्हा तिसरी पिढी म्हणजे साक्षात पणजोबा आणि बारावी म्हणजे काल पाळण्यात घातलेलं पोर, हा हिशेब मला लख्ख दिसत होता.

तो मी रितेशला समजावून सांगितला.

“काका,” तो म्हणाला, “प्रोसेसरमध्ये मानपान नसतो.”

इतका वेळ स्टुलावर बसलेले आप्पा पुढे वाकले. “झिला, आकडा किती म्हणालास? तीन ना? योगिनी, घे तू हाच.”

“आप्पा, सात मोठा की तीन मोठा?” मी विचारलं.

“जावयबापू, सात डझनी पेटीतलं फळ केवढं असतं आनि चार डझनीतलं केवढं? आकडा चढला की फळ बारीक. लहान पोर पण सांगल. हा तर तीन डझनी हाय. म्हंजे एकेक फळ नारळाएवढं! तुमच्या त्या सातात कायतरी लिंबं भरलेली असनार.”

रितेशनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. आप्पांचं कारण साफ चूक होतं, पण माल खपत होता, त्यामुळे तो त्यांना मानपानाचं काही बोलला नाही.

“जुना एक्स्चेंजमध्ये देताय का?” त्यानं विचारलं.

“काय देशील?”

त्यानं माझा आय-सेव्हन उलटा केला, हलवला, कानाशी धरला. “माऊसपॅड.”

“माऊसपॅड आणि?”

“आणि काही नाही, काका. माऊसपॅडसुद्धा काकींकडे बघून.”

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. योगिनीनं नवा घेतला. आठवड्याच्या आत नाही आवडला तर परत घेऊ, असं रितेशनं तिला वर सांगितलं. घरी येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. आळीत बातमी पसरणार, विनीतच्या घरी ‘तीन’ आला. म्हणून ते स्टिकर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचे मजीदभाई आले. कुवेतला आयुष्यभर क्रेन चालवून ते परत आलेत आणि आळीत कुणी सायकलची घंटी जरी नवी बसवली तरी बघायला जातात. त्यांनी चष्मा लावला आणि नव्या लॅपटॉपवर ओणवे झाले.

“अरे वा, विनीतभाऊ! नवापण सेव्हनच?”

“मग! आपल्याकडे सेव्हनच्या खाली काही येत नाही.”

“माशाल्ला. पन मग जुन्याचा सेव्हन कुठं गेला? हितं तर नुसता गोंद दिसतोय.”

मी खोकलो. मजीदभाईंनी गोंदाला बोट लावून पाहिलं, मग नव्यावरच्या स्टिकरला बोट लावून पाहिलं, तर ते त्यांच्या बोटालाच चिकटून आलं. खालून ‘तीन’ वर बघत होता. त्याच वेळी योगिनी चहा घेऊन बाहेर आली.

“अहो, हे काय?”

“मान,” मी म्हणालो. “थोरल्याचा मान धाकट्याला दिला. आपल्याकडे पद्धत आहे.”

“कुठली पद्धत? लॅपटॉपला खोटं नाव लावायची?”

“खोटं कसलं? माझा जुना आजही तुझ्या ह्या तिनाला मागे टाकेल!”

हे मी बोलायला नको होतं. पण मजीदभाईंनी ताबडतोब माझी बाजू घेतली. “भाभी, बात तर बरोबर आहे. जुन्या मशीनला पावर असतो. ह्याचा आवाज आमच्या बाथरूमपर्यंत येतो. आवाज हाय म्हंजे ताकद हाय.”

झालं. त्या आवाजावर माझी छाती फुगली आणि मी पैज मारून बसलो. रविवारी महोत्सवाला व्हिडिओ पाठवायची मुदत होती, संध्याकाळी सहापर्यंत. एकच व्हिडिओ दोन्ही लॅपटॉपवर तयार करायला लावायचा. जो आधी करेल तो खरा.

“जुना जिंकला तर नवा परत द्यायचा,” मी म्हणालो.

“चालेल. आणि नवा जिंकला तर?”

“तर तू म्हणशील ते.”

“मला स्टॉल मिळाला तर तिन्ही दिवस कांदे तुम्ही कापायचे. आणि तोंड बंद ठेवून कापायचे.”

पहिली अट मला जमण्यासारखी वाटली.

रविवारी सकाळी योगिनीनं तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या व्हिडिओवर शेवटचा हात फिरवला आणि सगळं सामान पेनड्राइव्हनं मला दिलं. मी लगेच आय-सेव्हन सुरू केला, व्हिडिओ तयार करायला लावला आणि त्याच्यासमोर पाटावर बसावं तसा बसलो.

“तू पण लाव की,” मी म्हणालो.

“जेवणं होऊ दे, भांडी होऊ दे, आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालू दे. मग लावते.”

इतका आत्मविश्वास बाईमाणसाला बरा नव्हे, असं मी मनात म्हणालो. (मनातच. घरी सुऱ्या असतात.)

जेवणं झाली तरी माझी हिरवी पट्टी पाव भागातच घुटमळत होती. लॅपटॉप असा तापला की आप्पांनी दोन्ही तळवे त्याच्यावर धरले. “थंडीचा बरा हाय,” ते म्हणाले आणि नवा लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यावर जाखडीचा नाच बघत बसले. काळ्या चष्म्यातून दिसेना म्हणून त्यांनी उजेड पार शेवटपर्यंत वाढवून घेतला आणि आवाजही.

इकडे माझ्या आय-सेव्हनला ताप चढत होता. तज्ज्ञ माणूस हातावर हात धरून बसत नाही. मी टेबलफॅन आणला. पण लावणार कुठं? बोर्डाला एकही भोक रिकामं नव्हतं. एकात राउटर, एकात माझा थोरला, एकात नव्या लॅपटॉपचा चार्जर. नव्याला बॅटरी आहे, त्याला कशाला हवीय वीज, जेवलेल्याला पुन्हा पान का वाढा, असा विचार करून मी त्याचा प्लग काढला आणि फॅन लावला. पिन लॅपटॉपला तशीच होती, वायरचं दुसरं टोक टेबलाखाली लोंबत होतं. कुणाला काही कळलं नाही. आप्पांचा नाच जोरात चालू होता.

फॅननंही भागेना तेव्हा मला फ्रीजर आठवला. आत बर्फात गोठलेले बांगडे पिशवीत होते. मी पिशवी ताटात ठेवली आणि बांगड्यांवर आय-सेव्हन. काय सांगू, त्याचा आवाज खरोखर खाली आला! पट्टी सरकू लागली. मोठमोठ्या कंपन्यांना जे सुचलं नाही ते रत्नागिरीतल्या एका हेडक्लार्कला सुचलं होतं, आणि हे आता कुणाला तरी सांगावं म्हणून मी मजीदभाईंना हाक मारली.

साडेचारच्या सुमाराला योगिनी पदराला हात पुशीत आली. आप्पांच्या मांडीवरून लॅपटॉप घेऊन तिनं व्हिडिओ लावला. आता मी जे पाहिलं ते सांगायला जीभ रेटत नाही. तिची पट्टी सरकली नाही, धावली. माझ्या थोरल्यानं सकाळपासून जे अंतर कापलं होतं ते त्या बाराव्या पिढीच्या पोरानं आप्पांची तपकीर ओढून होईपर्यंत मागे टाकलं. आणि आवाज म्हणाल तर नाही.

“बंद पडला वाटतं,” मजीदभाई आशेनं म्हणाले.

“नाही हो भाई. असाच चालतो,” योगिनी म्हणाली.

“काय वास येतोय गो?” आप्पांनी नाक वर केलं. “कोन मासे साफ करतंय?”

मी ताटाकडे बघितलं. बर्फाचं पाणी झालं होतं, ताट काठोकाठ भरलं होतं आणि एक बारीक धार टेबलाच्या कडेवरून खाली चालली होती. खाली एक्स्टेन्शन बोर्ड होता.

फट्!

ठिणगी उडाली, मेन स्विच पडला, फॅन थांबला. आय-सेव्हन एक उसासा टाकून गेला. मी मेन स्विच वर केला, तो लगेच पुन्हा पडला. “हात लावू नका, सगळं वलं हाय!” आप्पा ओरडले. राउटरचे दिवे विझलेले आणि मोबाइलला आमच्या घरात रेंज नाही. आणि अंधारलेल्या खोलीत नव्या लॅपटॉपचा पडदा तेवढा उजळ होता. त्याची पट्टी शेवटाला टेकली.

“झाला!” योगिनी म्हणाली. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. “अहो, बॅटरी लाल का दाखवतेय? हा तर सकाळपासून प्लगला आहे.”

ती वाकली. तिनं लोंबणारी वायर पाहिली, तिथून बोर्ड, बोर्डातला फॅनचा प्लग, तिथून फॅन, ताट, बांगडे आणि शेवटी मी, असं क्रमानं पाहिलं.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरून आले. “सांगितलं असतं ना मला,” ती एवढंच म्हणाली, “की जाऊ नकोस म्हणून.” तिला मुरुडला जाऊ द्यायचं नाही असं माझ्या मनात कधीच नव्हतं. माझ्या मनात फक्त सात होता. पण गेल्या वर्षी सात, या वर्षी सात, आणि दोन्ही वेळा तोंडचा घास गेला तो तिचा. मला माझी लाज वाटली आणि तशी ती मला सहसा वाटत नाही.

“मजीदभाई, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? आणि इंटरनेट?”

“आहे ना! चला!”

मी चार्जर उचलला आणि अनवाणी पळालो. तुळशीवृंदावनाला वळसा, दगडी गडगा ओलांडला, पायाला त्यातला चिरा लागला, मजीदभाईंच्या पडवीत पोचलो. त्यांच्या बायकोला, रझियाभाभींना, म्हणालो, “भाभी, प्लग! जीवनमरणाचा प्रश्न आहे!” भाभींनी बिचाऱ्यांनी चालू मालिका बंद करून टीव्हीचा प्लग काढला. मी चार्जर लावला आणि विजयानं मागे वळून पाहिलं. योगिनी दारात उभी होती. तिच्या एका हातात नवा लॅपटॉप होता आणि दुसऱ्या हातात त्याचा चार्जर. मी पळवून आणला होता तो जुन्याचा.

तिनं माझा चार्जर काढला, तिचा लावला. बॅटरीचा जीव कंठाशी आला होता, पण होता. व्हिडिओ जाऊ लागला. आम्ही सगळे उभे. भाभींनी दुवा मागितली, आप्पा दारातूनच गणपतीपुळ्याच्या दिशेला हात जोडून गाऱ्हाणं घालू लागले, “बा देवा महाराजा, लेकीचा हा शिणमा मुरुडला पोचंव!” आणि सहाला थोडा अवकाश असताना पडद्यावर ‘मिळाला’ असा निरोप आला.

योगिनी मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. मजीदभाई वाकून नव्या लॅपटॉपला कान लावून बघत होते. “कमाल आहे,” ते म्हणाले. “बिनआवाजाचा.” आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की त्यांच्या लेखी माझ्यात आणि त्यांच्या कुवेतच्या जुन्या क्रेनमध्ये फारसा फरक उरला नसावा.

घरी आलो तर टेबलावर आळीतल्या मांजरी आय-सेव्हनभोवती गोल करून बसल्या होत्या. आप्पांच्या सांगण्यावरून तो तांदळाच्या डब्यात पुरला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा चालू झाला, हे त्याच्या थोरपणाला शोभलं. फक्त आता पंखा फिरला की खोलीभर बांगड्याचा वास सुटतो. त्या तांदळाचा भातही तसाच लागला, पण या वेळी वरण-भातावर कुरकुर करण्याचा अधिकार मला नव्हता.

स्टॉल मिळाला. जानेवारीत आम्ही मुरुडला गेलो. योगिनीच्या बांगड्यासाठी रांग लागली होती आणि मागच्या बाजूला मी तोंड बंद ठेवून कांदे कापत होतो. माझ्या ॲप्रनवर छातीशी ते निळं स्टिकर होतं. योगिनीनं स्वतःच्या हातानं लावलं होतं, मानाचं म्हणून. (पहिला कांदाही मला मानानं दिला.) डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, घाम गळत होता, धाप लागली होती.

रांगेतल्या एका पोक्त बाईंना माझी कणव आली. “अहो, हे कोण? आणि हे आय-सेव्हन काय लिहिलंय?”

“आमचे मिस्टर आहेत,” योगिनी बांगड्याची आमटी वाढता वाढता म्हणाली. “तिसऱ्या पिढीचे. जरा लवकर तापतात.”

“मग विश्रांती तरी द्या त्यांना. नाहीतर दुसरा माणूस बघा की कांद्याला.”

“बघितलं होतं,” योगिनी म्हणाली. “पण बदल्यात नुसता माऊसपॅड देत होते. म्हटलं, राहू दे.”

मी मान वर केली. बोलायला नक्की काहीतरी होतं माझ्याकडे, पण ते आठवेपर्यंत बाई आमटी जेवून, हात धुऊन निघूनही गेल्या होत्या.